हौसाचा जबाब

"त्या पावणीला सांगा, कागदाला हात लावायचा नाही. काय बघायचं ते लांबनं," वैराट म्हणाला आणि त्यानं लाल रुमालाची गाठ दातांनी सोडली.

तालुक्याच्या कचेरीत जुनी दप्तरं असतात. शंभर-दीडशे वर्षांचे कागद लाल फडक्यात बांधून फळ्यांवर रचलेले. त्या गाठोड्याला रुमाल म्हणतात. वैराट त्या खोलीचा कारकून. दुपारचा डबा तो याच रुमालांवर मांडून खायचा. दोन रुमालांना लोणच्याच्या तेलाचे डाग मी स्वतः बघितलेत.

"हात लावायचा नाही म्हणतोय," मी टँटीला सांगितलं.

"आणि त्याच्या दातांना परवानगी आहे का, विचार," टँटी म्हणाली.

मी ते विचारलं नाही. वैराटानं हाकलून दिलं असतं तर माझा आठवडा फुकट गेला असता आणि तिचा जन्म.

टँटी म्हणजे सिल्विया भिवाजी. वय अडुसष्ट, सावळी, उंच, कापलेले पांढरे केस, पायात बूट. तिकडं त्रिनिदादला वडीलधाऱ्या बाईला टँटी म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे. चाळीस वर्षं तिनं शाळेत पोरं शिकवली. तिचा खापरपणजा भिवा इथून तिकडं उसाच्या मळ्यावर मजूर म्हणून गेला. पाच सालांचा करार होता. तो परत आला नाही. तिथंच दुसरी बाई केली आणि त्या बाईच्या पोटचा हा वंश.

त्या बेटावर, जहाजातून उतरलेल्या प्रत्येक मजुराची नोंद मोठ्या वह्यांत होती. नाव, बापाचं नाव, गाव, अंगावरची खूण. पण वह्या कुलपात. ज्यांच्या आज्या-पणज्यांची नावं आत, त्यांनाच आत जायला मनाई. टँटी आणि तिच्या गल्लीतल्या सात बायका अकरा वर्षं भांडल्या. अर्ज केले, पायऱ्यांवर बसल्या, एका साहेबाच्या गाडीपुढं आडव्या झाल्या. शेवटी वह्या उघडल्या. मग या आठीजणींनी पान न् पान उतरवून काढलं आणि दर शनिवारी गावच्या सभागृहात टेबल मांडून बसू लागल्या. ज्याला आपला माणूस शोधायचा त्यानं यावं.

तिला तिचा माणूस असाच सापडला. भिवा, बाप गेणू, गाव शिरघळ, जिल्हा सातारा, डाव्या कोपरावर भाजल्याची खूण.

शिरघळ माझं गाव.

मी कोण ते सांगते. मी सुगंधा. नवऱ्यानं टाकलेली, सातवी नापास. पाचगणीच्या एका बोर्डिंगात अकरा वर्षं भांडी घासली. तिथली मेट्रनबाई शिव्या इंग्रजीतच द्यायची, तेवढं इंग्रजी मला आलं. पुढं वाईला एका पेन्शनर कारकुनाकडं स्वयंपाकाला राहिले. त्यांना मोडी वाचायचा नाद, पण डोळे गेले. मी पोळ्या लाटता लाटता त्यांना सांगायची, अण्णा, हे अक्षर विळ्यासारखं आहे आणि पोटात टिंब. ते सांगायचे, मग तो अमुक. असं करत चार वर्षांत अण्णांना कमी आणि मला जास्त वाचता यायला लागलं. मोडी म्हणजे जुनी घसटती लिपी, आख्खं जुनं दप्तर तिच्यात. आज तालुक्यात ती वाचणारं दुसरं कुणी नाही. कॉलेजातले मास्तर माझ्याकडून वाचून घेतात आणि छापताना खाली स्वतःचं नाव घालतात. असू दे.

अण्णा गेले तशी मी भावाच्या घरी आले. सर्जेराव माझा थोरला भाऊ. मागच्या पडवीतली खोली मला दिली होती. दिली म्हणजे काय, गवत काढून बाजूला केलं होतं.

टँटी आली त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी थापत होते. सर्जेराव चुलीपाशी येऊन बसला. एरवी तो चुलीपाशी येत नसे.

"ती काळी मॅडम कुणाची म्हणायची?"

"तेच तर शोधतोय, दादा."

"शोधून काय करणार?"

"काही नाही. तिला एवढंच कळायला पाहिजे की त्यानं तिकडून बायकोला कागद धाडला होता, तो पोचला का. इथं बायको होती त्याची. हौसा. आणि एक पोरगी."

"हौसा," वहिनी म्हणाली. "ह्या गावात दर तिसऱ्या घरात एक हौसा झाली. आपल्यातबी हाय की, पितराला पान ठेवतो तिचं."

सर्जेरावानं वहिनीकडं बघितलं, तशी ती उठून गेली.

"खालच्या आळीत मान्यांकडं काय झालं, ठावं हाय ना?" तो म्हणाला. "मुंबईहून कोण कुठला नातू आला. आज्याचं नाव दप्तरात दाखवलं. सात वर्षं झाली, मानं बांधावर कमी आणि कोर्टात जास्त."

"ती जमीन मागायला आली नाही."

"मागायला कोण येतं? नाव निघालं की आपसूक मागतंय ते." त्यानं चुलीतलं लाकूड उगाच मागंपुढं केलं. "कुणाचं का निघंना. आपलं काढू नगो."

"आपलं काय निघायचंय त्यात?"

"निघालंच तर म्हणतो. तू कुठं ऱ्हातीस तेवढं ध्यानात ठेव, म्हंजे झालं."

हे तो मऊ आवाजात बोलला. सर्जेराव कधीच ओरडत नसे. त्याला गरज पडत नसे.

पहिल्या दिवशी दोन रुमाल झाले. देवस्थानचं तेल, पाटलाच्या मानाची भांडणं, कुणाची म्हैस कुणाच्या ज्वारीत. टँटी खुर्चीवर ताठ बसून असायची. मी प्रत्येक पान मनात वाचायची आणि मान हलवायची. ती वहीत एक रेघ ओढायची.

"कंटाळलीस, मुली?"

"नाही."

"मी कंटाळले," ती म्हणाली. "पण आमच्या शनिवारी एक म्हातारा यायचा. तीन वर्षं आला. दर वेळी त्याला सांगायचे, नाही सापडला. तो म्हणायचा, मग पुढच्या शनिवारी. आता मी तो म्हातारा झाले."

"सापडला का त्याचा?"

"सापडला. त्याचा आजा चोरीच्या आरोपातून पळालेला निघाला. म्हाताऱ्यानं कागद चौकटीत लावून घरात टांगला. म्हणाला, चोर असला तरी माझा आहे."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला वैराटानं तिसरा रुमाल सोडला आणि चहाला गेला. कुलकर्ण्याच्या हातची बांधीव वही होती. कसरीनं कडा खाल्लेल्या, पण मधला मजकूर शाबूत. बासष्टावं पान उलटलं आणि पहिल्याच ओळीत मला दिसलं. भिवा बिन गेणू.

माझं काळीज हललं. खोटं कशाला बोलू, आनंदानंच हललं. तोंड उघडून मी सांगणार होते. पण डोळे सवयीनं पुढं गेले. भिवा बिन गेणू निगडे. त्याच्याखाली, धाकटा भाऊ रावजी बिन गेणू निगडे. त्याच्याखाली शेताचं नाव. चिंचेचा पट्टा.

मी सुगंधा निगडे. रावजी माझ्या आज्याचा आजा. आणि चिंचेच्या पट्ट्यात त्या वेळी सर्जेरावाचा ऊस उभा होता.

पान पुरतं वाचायला मला पाच मिनिटं लागली असतील. वर तिकडून आलेल्या कागदाची नक्कल होती. खाली एक जबाब. जबाबाच्या शेवटी एक छोटं वाटोळं काढलेलं. मी ते सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, कारण मान वर करायची नव्हती.

"हे काय गं?" टँटी खुर्चीवरून पुढं वाकली होती. तिचं बोट त्या वाटोळ्याच्या वर, कागदाला न लावता, हवेत.

"निशाणी," मी म्हणाले. "बाईला सही येत नसे. मग कारकून तिच्या नावापुढं बांगडी काढायचा. शेतकरी असला तर नांगर."

"कुठल्या बाईची?"

"आहे कुणी तरी. जमिनीची भानगड आहे."

"नाव काय तिचं?"

विचारलं तिनं ते सहज. शाळामास्तरीण होती, माणसाचं नाव विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. घामानं चष्मा नाकावर घसरला होता.

"कसरीनं खाल्लंय," मी म्हणाले. "लागत नाही."

नाव धडधडीत लागत होतं. तिला वाचता येत नव्हतं, एवढंच.

मी पान उलटलं. टँटीनं वहीत रेघ ओढली.

चौथा रुमालही आम्ही बघितला. पाचवाही. मी प्रत्येक पान मन लावून वाचायचं सोंग केलं. तीन वाजता म्हणाले, "टँटी, शिरघळचं दप्तर संपलं. तुमचं ह्यात काही नाही."

तिनं वही मिटली. मग वैराटाकडं जाऊन त्याचे दोन्ही हात धरून तिनं आभार मानले. त्यालाच लाजल्यासारखं झालं.

तिसऱ्या दिवशी जायच्या आधी ती आमच्याकडं जेवायला आली. तिला कुणी बोलावलं? सर्जेरावानं. काही निघालं नाही, हे मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं आणि त्यानं मला तोंडावर 'गुणाची गं माझी बहीण' म्हटलं होतं. सात वर्षांत पहिल्यांदा. वहिनीनं पुरण घातलं. सर्जेरावानं पाट मांडला, स्वतः पंख्याची दिशा फिरवली.

"सांग मॅडमना," तो मला म्हणाला, "हे घर आपलंच समजा."

मी सांगितलं. शब्दाला शब्द ठेवून सांगितलं. टँटीनं छातीला हात लावला आणि डोळे पुसले.

"इतकी माया," ती म्हणाली. "आणि मी यांची कोण लागते?"

"काय म्हणती?" सर्जेरावानं विचारलं.

"जेवण चांगलं झालंय म्हणते."

वहिनीनं तिची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. टँटीला पदर नव्हता, तिनं झग्याचा सोगा पुढं धरला. वहिनी हसली. पोरीसारखी हसली टँटीही. मी दाराच्या चौकटीला टेकून हे बघत होते. ती आमच्या मूळ पुरुषाच्या थोरल्या पातीची लेक, आणि तिची ओटी आम्ही परकी म्हणून भरत होतो.

पुढं अंगणात गाडीची वाट बघत ती माझ्यापाशी बसली.

"शेवटी शेवटी तो आंधळा झाला," ती म्हणाली. "भिवा. पायरीवर बसायचा. रस्त्यानं कुणी शहरातून आलं की विचारायचा, कागद आला का. माझी आजी तेव्हा लहान होती, तिला डाकघरात धाडायचा. रोज. एकदा तिनं कंटाळून विचारलं, कुणाचा कागद? तर म्हणाला, हौसाला माझा पोचला की नाही, त्याचा."

मी तिच्या ओटीतले तांदूळ पुडीत बांधत होते.

"आता मी घरी जाऊन सांगेन, पोचला नाही. समुद्रात गेला असेल. वाईट आहे, पण एका अर्थी बरंच. पोचला नाही म्हणजे तिचा काही दोष नाही. ती इथं वाट बघत राहिली, तो तिथं. होय ना?"

हे तिनं मला विचारलं. आदल्या दिवशी पान उलटलं तेव्हा निदान भीती तरी होती पाठीशी. आता कसली होती? अंगणात आम्ही दोघीच होतो.

"होय," मी म्हणाले. "बघितली असणार वाट."

तिनं माझा हात दाबला आणि गाडी आली.

लोक मला सांगतात, चांगलंच केलंस, म्हातारीला समाधान मिळालं. अण्णांच्या मुलीनं तर पुण्य म्हटलं. पुण्याच्या गोष्टी मला सांगू नका. मी तिला वाचवलं नाही. मी छप्पर वाचवलं, तेही माझं नव्हतं.

ते छप्पर सव्वा वर्ष टिकलं. सर्जेरावानं चिंचेचा पट्टा प्लॉट पाडायला एका बिल्डरला दिला, सहीला मला कचेरीत नेलं, मी हक्क सोडला म्हणून लिहून दिलं. पुढच्या महिन्यात पडवीची खोली नातवाच्या मोटारसायकलीला लागली. तो तेव्हाही ओरडला नाही. मी वाईला आले. एक खोली आहे, लोकांचे जुने कागद वाचून देते, त्यावर चालतं.

टँटीची पत्रं येत होती. सभागृहात त्यांनी एक दगड बसवला, त्यावर भिवाचं नाव, हौसाचं नाव. सात वर्षांनी पत्रं बंद झाली.

मग मागल्या साली जिल्ह्यातल्या दप्तरांचे फोटो काढले गेले आणि ते कुणालाही बघता येतील असे फोनवर आले. उद्घाटनाला मंडप होता. एक पाहुणे म्हणाले, आता तुमचे पूर्वज तुमच्या घरी आले. लोकांनी फोन उघडले. आत मुंग्यांचे पाय. वाचणार कोण? दार सताड उघडं, पण आत अंधार तो अंधारच. आठ दिवसांत लोक विसरले.

एक पोरगी विसरली नाही. मेलिसा, टँटीची नात. तिला अक्षर येत नव्हतं, पण आजीच्या वहीत प्रत्येक पानाला एक रेघ होती आणि बासष्टाव्या पानाच्या रेघेपुढं म्हातारीनं एक वाटोळं काढून ठेवलं होतं. पोरीनं ते वाटोळं असलेलं पान हुडकून काढलं आणि मला धाडलं. 'आजी म्हणायची, ह्या बाईचं नाव राहून गेलं. जगात वाचणाऱ्या तुम्हीच एक माहीत आहात. कृपा करून वाचाल का?'

मी वाचलं. चष्मा लावून, एकही अक्षर न गाळता लिहून काढलं.

वर भिवाच्या कागदाची नक्कल: 'मी जिता आहे. पलटणीच्या तट्टांमागे हिंदुस्थानात गेलो, तेथून कलकत्त्यास, तेथून समुद्रापार. करार सरला. हौसा व मुलगी ठकी यांस कलकत्त्याच्या डेपोवर पोचते करावे. मी वाट पाहतो.'

खाली: 'शके १७९५, मौजे शिरघळ, रावजी बिन गेणू निगडे याचे ओट्यावर घेतला जबाब. हौसा हीस सदर कागद दोन वेळ वाचून दाखविला. ती सांगते की, हा कागद माझे नवऱ्याचा नव्हे. माझा नवरा मयत. त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून चौथे वर्षी दहन झाले. मुलगी ठकी पटकीने वारली. मी दीर रावजी याजशी पाट लाविला आहे. कागद पाठविणारा इसम मी ओळखत नाही. हा कागद पुन्हा मजपुढे आणू नये. निशाणी बांगडी.'

हिंदुस्थान म्हणजे तेव्हा उत्तरेकडचा मुलूख. इकडं नियम असा की, परागंदा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मगच पुतळा जाळायचा. यांनी आठ वर्षं आधी जाळला. पुतळा जळला की बायको मोकळी, जमीन मोकळी. हेही मी मेलिसाला लिहिलं. जबाब कुणाच्या ओट्यावर झाला ते पुन्हा बघ म्हणून लिहिलं. आणि लिहिलं की, रावजी आणि हौसा यांच्या वंशातली मी आहे.

तिनं विचारलं, 'त्या दिवशी तुम्हाला हे वाचता आलं नव्हतं का?'

'आलं होतं,' मी लिहिलं.

 चौथ्या दिवशी तिचं उत्तर आलं:

'आम्ही घरात सगळ्यांनी बोलून ठरवलं. दगडावर कोरलंय की हौसा अखेरपर्यंत वाट बघत राहिली. दर वर्षी पोरं ते मोठ्यानं वाचतात, फुलं ठेवतात. आजीच्या सोबतच्या सातही जणी गेल्या. आता ते बदलायला कुणी नाही आणि बदलून कुणाला काय मिळणार? तुम्ही रागावू नका, पण हे वाचन तुमच्याजवळच ठेवा. आणखी कुणी ह्या पानाबद्दल विचारलं तर लागत नाही म्हणून सांगाल का?'

मी 'बरं' एवढंच लिहिलं. तिनं लगेच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.